फ्यूज का उडाला

गेल्या वर्षी मराठी भाषा दिनाला जे हॉलमध्ये होते त्यांना आठवत असेल. २७ फेब्रुवारी. आपल्या वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिलीच ओळ होती, 'तुतारी व नांदी'. पडदा उघडला, नांदी झाली, पण तुतारी काही वाजली नाही. ऐन वेळी कुणीतरी मोबाईलवर तुतारी लावून तो माइकसमोर धरला. आवाज असा चिरका आला की मागच्या बाकांवर हशा पिकला. "हॉलच्या लाइटचा घोळ झाला," असं सगळ्यांना सांगण्यात आलं. सांगणारी मी होते. खरं काय झालं ते आज लिहितेय.

ती तुतारी आमच्या काकांच्या सिंथेसायझरमध्ये होती. काका शहापुरात राहतात, साड्यांच्या दुकानात हिशेब बघतात. पण १९८७ पासून पुढची बारा-तेरा वर्षं ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस बेळगावात आणि आसपासच्या गावांत त्यांना झोप नसायची. हा सिंथेसायझर त्यांनी पणजीला एका गोव्याच्या वादकाकडून घेतला. तो माणूस जहाजावरच्या बँडमध्ये होता. त्याने तो जपानच्या बंदरात घेतला होता. गल्लीत सगळे त्याला 'काकांचा कॅसिओ' म्हणतात. आपल्याकडे पट्ट्या असलेलं आणि वायर लावायचं काहीही असो, त्याचं नाव कॅसिओच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेटीत हवेने पितळेची पट्टी थरथरते आणि सूर येतो. सिंथेसायझरमध्ये पट्टी नाही, हवा नाही. थरथरते ती वीजच. मग त्या थरथरीतले काही अंश गाळायचे, आवाज किती वेळात चढायचा, किती वेळात विरायचा ते ठरवायचं, आणि त्यातून सनई, घंटा, वारा, काय हवं ते घडवायचं. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये असं यंत्र लोकांपुढे आणलं तेव्हा ते कपाटाएवढं होतं. १९७० च्या मिनीमूगने ते काखेत मारून नेण्याजोगं केलं. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग आला होता. आणि मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये जपानी यंत्रांवर चक्क दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून ठेवले. ती रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी ऐकली नाही, आता जगभर शोधून ऐकतात.

काकांचं यंत्र त्याच काळातलं. एका वेळी सहा सूर वाजतात, सातवा दाबला की पहिला सुटतो. त्यात ६४ आवाज साठवता येतात. ते ६४ आवाज काकांनी स्वतः घडवलेले. त्यांच्या वहीत प्रत्येकाचा नंबर आणि नाव आहे : तुतारी, सनई (लग्नाची), सनई (नाटकाची), देवळातली घंटा, पावसाआधीचा वारा. त्या दोन सनयांमधला फरक काका अर्धा तास समजावू शकतात.

आता मुद्द्याचं. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची असते. आपल्याकडे २३०. म्हणून काकांनी एक लोखंडी डबा करून घेतला होता. आत ट्रान्सफॉर्मर, एका बाजूने २३० घ्यायचे, दुसऱ्या बाजूने १०० द्यायचे. डबा चांगलाच जड आहे. काकांनी यंत्र देताना तीनदा सांगितलं, "डब्याशिवाय लावू नको हं." मी तीनदा "हो हो" म्हटलं. आणि २६ तारखेला स्कूटरवर दोन्ही मावेना म्हणून डबा घरी ठेवला.

मला वाटलं काय? खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. जपानी पिना चपट्या असतात, हॉलमधल्या मल्टिप्लगमध्ये त्या सहज बसल्या. मोबाईलचा चार्जर कुठेही चालतो, तसंच हे. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने हा विचार केला, हे इथे नोंदवून ठेवते. मामांनी (आपल्या हॉलचे शिपाईमामा) एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला, मी पिन खोचली, बटण दाबलं. आतून 'घुंम्' असा एक जाड आवाज आला, मग 'टक्', मग काही नाही. जळका, जरा मासळीसारखा वास सुटला.

सर धावत आले. "काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बोर्डात काहीतरी आहे सर. व्होल्टेज वर आलं वाटतं." सर मामांकडे वळले. हॉलमध्ये वीस-पंचवीस मुलं होती. सगळ्यांसमोर त्यांनी मामांना सुनावलं की जुनी-पुराणी बोर्डं आणता, मुलांना शॉक बसला असता तर जबाबदार कोण. मामा काही बोलले नाहीत. बोर्ड गुंडाळून घेऊन गेले. मी खाली बघत राहिले.

त्या रात्री काकांना फोन केला. "बंद पडलाय काका. आपोआप." ते जरा थांबले आणि म्हणाले, "डबा होता की सोबत?" मी म्हटलं, "होता." "बरं. असू दे. तुझ्याकडेच ठेव, सावकाश बघू."

परीक्षा झाल्या. मे महिन्यात यंत्र घेऊन मी रेडिओवाल्या अण्णांकडे गेले. खडेबाजारच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान आहे, आत एक माणूस आणि एक स्टूल एवढीच जागा. अण्णा कानडी बोलता बोलता मराठी बोलतात. "काय झालंय?" "आपोआप बंद पडलं." त्यांनी मागचं झाकण उघडून काचेचा फ्यूज काढला आणि माझ्या डोळ्यांपुढे धरला. काच आतून काळी, आरशासारखी झाली होती.

"हे बघ. वर्षानुवर्षं चालून दमलेला फ्यूज असला की तार मधे तुटते, काच स्वच्छ राहते. एका झटक्यात भरमसाट करंट गेला की तारेची वाफ होते, ती काचेला चिकटते. हा असा काळा होतो. आता काय केलीस ते आधी सांग."

मी सांगितलं. घरच्या माणसांना जे सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी माणसाला, त्याच्या हातातल्या फ्यूजकडे बघत सांगितलं. फक्त मामांचं सांगितलं नाही. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "फ्यूज होता म्हणून वाचलंय. कुणी त्याला सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली असती तर सगळं राख. बस. तू बिघडवलीस, तूच कर. मी बघतो."

पुढचे बारा दिवस मी रोज दुपारी त्या स्टुलावर होते.

पॉवर सप्लाय म्हणजे यंत्राचं स्वयंपाकघर. भिंतीतून येते ती वीज कच्ची. चिप्सना ती पचत नाही. आधी ट्रान्सफॉर्मर ती कमी करतो. मग चार डायोडांचा पूल तिला एकाच दिशेने वाहायला लावतो, पण ती अजून सेकंदाला १०० वेळा उसळत असते. मोठे कपॅसिटर टाकीसारखे भरून ती उसळी शांत करतात. शेवटी रेग्युलेटर नेमकी हवी तेवढीच वीज पुढे सोडतो. या यंत्राला तीन प्रकारची लागते. आवाज घडवणाऱ्या भागाला अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट, आणि लक्षात ठेवणाऱ्या भागाला ५ व्होल्ट. म्हणून तीन रेग्युलेटर : ७८१५, ७९१५, ७८०५. नावातच सगळं आहे. ७८ म्हणजे अधिक, ७९ म्हणजे उणे, शेवटचे दोन आकडे व्होल्टचे.

मी काय केलं होतं त्याचा हिशेब अण्णांनी माझ्याकडूनच मांडून घेतला. १५ व्होल्टच्या बाजूला रेग्युलेटरच्या तोंडाशी एरवी २४ व्होल्ट असतात. २.३ पटीने ते ५५ च्या वर जातात. रेग्युलेटर ३५ पर्यंतच सोसतो, कपॅसिटरवरही ३५ च छापलेलं. ते फुगून त्यांची टोपणं उचलली होती. मासळीसारखा वास त्यांच्यातल्या द्रवाचा. ५ व्होल्टच्या बाजूला एरवी साडेअकरा, ते सत्तावीसच्या आसपास गेले असणार. तिथला कपॅसिटर १६ चा, तो गेला. पण ७८०५ ची सहनशक्तीही ३५ ची, म्हणून तो टिकला. त्याच्या मागे काकांचे ६४ आवाज होते.

"होते" की "आहेत", हे मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आवाजांची आठवण आत डाखलेल्या एका नाण्याएवढ्या सेलवर टिकते. यंत्र बंद असताना तोच तिला जागं ठेवतो. नवीन सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच असतो. मी मीटर लावला तेव्हा २.६ आले. म्हणजे म्हातारा होत आलेला. सेल बदलावा, तर काढताक्षणी आठवण पुसली जाणार. न बदलावा, तर तो एक दिवस स्वतःच मरणार. वाट एकच. आधी सप्लाय दुरुस्त करायचा, यंत्र चालू करायचं, आवाज बाहेर काढून ठेवायचे, मगच सेलला हात लावायचा. आतापर्यंत मी चूक लपवण्यासाठी दुरुस्ती करत होते. त्या दिवसापासून घाई लागली ती दोन सनयांसाठी.

घाई लागली की अण्णा म्हणायचे, "निधान, निधान." कानडीत म्हणजे सावकाश.

जुने भाग काढताना एक गोष्ट दिसली. ७९१५ आणि ७८०५ वर छापलेले तारखेचे आकडे ८४ ने सुरू होत होते. १९८४ चा माल. पण ७८१५ वर ८८४७ होतं. म्हणजे १९८८ चा सत्तेचाळिसावा आठवडा. त्याच्याभोवतीचा डाखही वेगळा, जाड आणि फासलेला. "हा नंतर कुणीतरी बदललाय," अण्णा म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत.

नवीन भाग आणले. दोन रेग्युलेटर, चार डायोड, तीन कपॅसिटर, पाच फ्यूज मिळून दोनशे रुपयांच्या आतच झालं. कपॅसिटर या वेळी जास्त व्होल्टचे घेतले. सगळं डाखलं. ७८ आणि ७९ च्या पायांचा क्रम वेगळा असतो, तो मी चारदा तपासला आणि खूश झाले. मग अण्णांचा सिरीज बोर्ड आणला. म्हणजे यंत्राच्या वाटेत १०० वॉटचा साधा बल्ब. आत शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्ब पितो आणि पेटतो, यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून विझतो. (सिरीज बोर्ड, मग काकांचा डबा, मग यंत्र. डबा या वेळी होता!)

बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला.

मी ताबडतोब बंद केलं. हात थरथरत होते. अण्णा चहा पीत होते. "पाय बघितलीस. पाठ बघितलीस काय?" रेग्युलेटरच्या पाठीला धातूची पट्टी असते, ती गार राहावी म्हणून पत्र्याला कसतात. ७८ मालिकेत ती पट्टी शून्याला जोडलेली असते, पत्र्याला लागली तरी चालतं. ७९ मध्ये ती आत येणाऱ्या विजेला जोडलेली असते. मधे अभ्रकाचा पातळ तुकडा हवा. जुन्या भागाखाली तो होता. मी तो कचरा समजून पुसून टाकला होता. म्हणजे दुसऱ्यांदा तेच. जे समोर होतं ते मी बघितलंच नव्हतं. फरक इतकाच की या वेळी मधे बल्ब होता, आणि शेजारी असा माणूस होता ज्याच्यापुढे खोटं बोलायची गरज नव्हती.

अभ्रक बसवला. बल्ब चमकला आणि विझला. मुख्य बोर्डाची वायर अजून जोडलेली नव्हतीच. मीटरवर अधिक १५.०४, उणे १४.९६, आणि ५.०१. अण्णांनी ५ च्या बाजूला दहा ओहमचा जाड रेझिस्टर लावून दहा मिनिटं बसवून ठेवलं. रिकाम्या हाताने कुणीही सरळ चालतं, ओझं घेऊन चालतं का ते बघायचं. चाललं.

मग बोर्ड जोडला. दिवे लागले. काकांच्या वहीतला 'तुतारी'चा नंबर दाबून मी पहिली पट्टी दाबली.

दुकानात तुतारी वाजली. बोळातून जाणारा एक मुलगा थबकून आत बघायला लागला. मी सा, रे, ग, म, प दाबत गेले, आणि सहाव्या पट्टीला काहीच नाही. पुन्हा पाच वाजले, पुन्हा सहावा मुका. सहापैकी एक आवाजाची वाट त्या एका सेकंदात जळाली होती. तिथली चिप सहज मिळत नाही. तो अजूनही मुका आहे.

त्याच संध्याकाळी आवाज बाहेर काढले. त्या काळच्या यंत्रांना त्यासाठी कॅसेट रेकॉर्डरची जागा असते. मी लॅपटॉप जोडला. बटण दाबलं की अर्धा मिनिट नुसता 'चीं-खर्र-चीं' असा कर्कश आवाज येतो. त्यात ६४ आवाज आकड्यांच्या रूपाने असतात. दोन सनया, घंटा, वारा, सगळं त्या चिरचिरीत. तीन ठिकाणी साठवलं, परत आत भरून तपासलं, आणि मगच सेल बदलला.

यंत्र घेऊन शहापुरात गेले तेव्हा काका दारातच बसले होते. आत आणून, डबा लावून, वाजवून दाखवलं. काका वाजवायला लागले आणि सहाव्या सुराला थांबले. पुन्हा वाजवून बघितलं. मी म्हटलं, "काका, डबा नव्हता त्या दिवशी. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "डबा आमच्याच माळ्यावर होता की. तू आमच्याकडून यंत्र नेलीस ना? डबा परत वर तुझ्या काकीनंच ठेवला."

मला हसावं की रडावं कळेना. मग मी ७८१५ वरचा ८८४७ हा आकडा सांगितला. काकांनी यंत्र बंद केलं. बराच वेळ पट्ट्यांवरून फडकं फिरवत राहिले. १९८९ चा गणपती. मंडपात गर्दी, डबा टेम्पोत राहिलेला, कार्यक्रमाला उशीर. काकांनीच पिन सरळ खोचली. आणि मंडळाच्या लोकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, मंडपातल्या वायरिंगचा दोष. वायरमन म्हणून एक पोरगा होता, त्याची त्या दिवसाची मजुरी कापली. दुरुस्तीचा खर्चही त्याच्याच हिशेबात धरला.

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. कुठला, काय, नावसुद्धा नीट ठाऊक नव्हतं." फडकं खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या वेळी कुणावर गेलं?"

त्यांनी कसं ओळखलं ते मी विचारलं नाही. "शिपाईमामांवर."

"आहेत अजून कॉलेजात?"

"आहेत."

"मग बसलीस कशाला इथं?"

दुसऱ्या दिवशी मी मामांना हॉलच्या मागे गाठलं. अख्खं सांगितलं. ते खुर्च्या लावत होते, लावतच राहिले. म्हणाले, "बोर्ड चांगला होता, मला ठाऊक होतं. घरी नेऊन तपासला की. पण सर बोलले म्हणून नवीन आणून ठेवला." खिशातले पैसे घालून. किती, ते सांगायला तयार नव्हते. मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. "मला नको. तेवढं सरांना सांग. माझं त्यांनी ऐकलं नसतं, तुझं ऐकतील."

सरांना सांगितलं. सर मामांकडे गेले. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि ते माझ्या माहितीसाठी नव्हतंही. पण त्या दिवशी हॉलमध्ये वीस-पंचवीस जण होते, त्यांच्यासमोर मामांना बोलणं बसलं होतं. त्यांतले बरेच जण हे ई-मासिक वाचतात. म्हणून हे इथे. बोर्ड चांगला होता. मामांची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

यंदा भाषा दिनाला काका स्वतः येणार आहेत, डबा घेऊन. तुतारीला एकच सूर लागतो, त्यामुळे मुक्या सहाव्या आवाजाची अडचण नाही; पाच सूर झाले की एकदा रिकामी पट्टी दाबून पुढे जायचं, एवढंच. पिन मामा लावणार आहेत. त्यांनीच तसं सांगितलंय.